भरत आलेलं हाड

डॉक्टरीणबाईंनी माझ्या जबड्याचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. मागच्या वर्षी तिथे काळी पोकळी होती. त्याआधी दुखत नव्हतं, म्हणून मी सुजेवर हळद-चुन्याचा लेप लावत राहिले आणि गाल पदराआड लपवला. आत हाड पोखरणारी पिशवी होती. तिच्यात पांढरे पापुद्रे साचले होते, आपली नखं ज्याची होतात त्याचेच. ऑपरेशन करून ती काढली, पण काढली तरी ती पुन्हा होऊ शकते, असं तेव्हाच ऐकलं होतं.

"मावशी, नाही झाली पुन्हा. हाड भरत आलंय. पण दरवर्षी दाखवायचं, लेप नाही लावायचा!"

काळ्या जागी खरंच पांढुरकी जाळी धरली होती. मी भाकऱ्या थापत होते, घाबरत होते, तेव्हाही आत हे काम चाललंच होतं.

"येईन," मी म्हटलं, आणि गालावरचा पदर काढला.