मी निवडलेले लायनर

माझी निवड आयुष्यात एकदाच चुकली, आणि त्या वेळी आम्ही सगळे गाडीत होतो.

गाडी म्हणजे पिकअप. आमचे मालक मिलिटरीतून पेन्शनीत आले, ते येताना लिलावातली जुनी पिकअप घेऊन आले. पुढं जीप, मागं उघडा हौदा. तिचा हँडब्रेक मिलिटरीनं बहुतेक आठवण म्हणून स्वतःकडंच ठेवून घेतला होता.

"आवं, हँडब्रेक कुठाय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"सरहद्दीवर गाडी उभी करून ठेवायला कुणाला येळ असतो?" मालक म्हणाले. (मालक सरहद्दीवर कधी गेले नव्हते. सगळी नोकरी पुण्याच्या कोठारात झाली.)

उंब्रजच्या बाजाराला गूळ आणि कांदे नेण्यापुरती गाडी बरी होती. पण पुढं ती ब्रेक दाबला की अशी किंचाळायची, की रस्त्यावरची म्हातारी माणसं देवाचं नाव घ्यायची. मिस्त्रीनं चाक उघडलं आणि सांगितलं, "लायनर संपल्यात." लायनर म्हणजे चाकाच्या आत बसणारी जाड पट्टी. ब्रेक दाबला की ती आतून चाकाला घासते आणि गाडी थांबते. म्हणजे, थांबायला पाहिजे.

घाई होती. कारण माझी धाकटी नणंद, शालन. पोरगी गुणाची, पण उंचीला आमच्या मालकांपेक्षा बोटभर जास्त. त्यापायी बरीच स्थळं पाठ दाखवून गेली होती. शेवटी कोयनानगरचं स्थळ मी काढलं. मुलगा वसंत, धरणाच्या हापिसात कारकून. ते लोक मुलगी पसंत करून गेले होते. आता आम्ही त्यांचं घर बघायला जायचं, पाट टाकून बसायचं, चहा घ्यायचा, की ठरलं. आणि मुलीकडचे लोक घर न बघता परत गेले, तर त्याचा अर्थ आमच्याकडं एकच : घर नाकारलं. मग तोंड बघायची सोय नाही.

सासूबाईंचा मुलाच्या खरेदीवर विश्वास नव्हता. पिकअप दारात उभी असताना तो बसणार तरी कसा? त्या म्हणाल्या, "कराडला लायनर आणायला जातुयास तर बायकूला संगं ने. तिला पारख हाय." तशी ती होतीच. कुंभाराकडं मी हात लावला, की कुंभार बाकीची मडकी गुपचूप मागं सारायचा.

कराडच्या दुकानदारानं दोन जोड पुढं ठेवले.

"वहिनी, हे जरा नरम. तुमच्या गाडीला हेच चालतं. आणि हे कडक, मोठ्या ट्रकचं. कापून बसतंय, पण मी देणार न्हाई म्हणतो."

देणार नाही म्हणतो! म्हणजे चांगला माल दुसऱ्या कुणासाठी ठेवलेला. मी नरम लायनरला नख लावलं. ओरखडा उठला. कडक लायनरला लावलं. माझं नख तुटलं.

"हे नखाला हार जातंय, ते गाडी काय थांबवणार?" मी म्हणाले. मग कडक लायनर कानाजवळ धरून बोटाच्या पेरानं वाजवलं. ठण्ण! काय आवाज होता! पक्क्या भाजलेल्या घागरीचा.

"वहिनी, हे मडकं न्हाई," दुकानदार काकुळतीनं म्हणाला. "लायनरनं झिजायला पाहिजे. झिजतंय तवाच धरतंय."

"झिजायला? पैसं देऊन झिजणारी वस्तू घ्यायची व्हय?"

मालकांनी तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं आणि मिटलं. (हे शहाणपण त्यांना मिलिटरीनं शिकवलं नव्हतं. ते लग्नानंतरचं.)

मिस्त्रीनंही लायनर बसवताना कुरकुर केली. मी म्हटलं, "तू हातोडी मार, पारख मी केलीय." रिकाम्या गाडीची उंब्रजच्या सपाट रस्त्यावर चाचणी झाली. चहाच्या टपरीपाशी ब्रेक दाबला, ती पिठाच्या गिरणीपाशी थांबली. मालक म्हणाले, "नवं हाय, सरावंल." किंचाळणं मात्र बंद झालं होतं. मी त्यावरच खूश.

ठरल्या दिवशी निघालो. पुढं मालक आणि चुलतसासरे आबा, मोठ्या पटक्यासह. मागं हौद्यात मी, नारळाचं पोतं, पेढ्यांचा पुडा आणि शालन. मुलगी काही सासरचं घर बघायला येत नसते. तिला वाटेत पाटणला मावशीकडं सोडायचं होतं.

पाटण आलं. आणि पाटण गेलं.

मी केबिनवर थापा मारल्या. "आवं, मावशीचं घर मागं ऱ्हायलं!"

"ठावं हाय!" आतून मालक ओरडले. "ब्रेक सरावतोय. येताना सोडू!"

"येताना? आन ती आत्ता सासरच्या दारात उतरल व्हय?"

"ताडपत्री हाय की मागं!"

अशी आमची उंच शालन नारळाच्या पोत्याशेजारी ताडपत्रीखाली घडी घालून बसली. "वैनी, लायनर तुमी निवडलं न्हवं?" तिनं आतून विचारलं. मी तिला सांगितलं, की चांगल्या घरच्या मुली ताडपत्रीखालून बोलत नाहीत.

कोयनानगरात वसंताचं घर नेमकं उतारावर. दारात त्याचे वडील फेटा बांधून उभे, बाजूला त्याची आई पाण्याचा तांब्या घेऊन, आणि मागं वसंत, नव्या सदऱ्यात घामाघूम. अख्खी आळी बघायला आलेली. मालकांनी ब्रेकवर उभं राहून जोर लावला. लायनरनं आतून एकदा ठण्ण आवाज दिला, अगदी दुकानात दिला होता तसा, आणि आम्ही पुढं गेलो. आबांनी खिडकीतून हात जोडून "रामराम" घातला. "राम" दारात झाला, दुसरा "राम" पुढच्या वळणावर.

"पावणं, हिकडं! हेच घर!" मागून हाक आली.

वसाहतीचा रस्ता गोल होता. फेरी मारून आम्ही पुन्हा वरून आलो. मालकांनी या वेळी लांबूनच ब्रेक दाबायला सुरुवात केली, अगदी वळणावरूनच. काही उपयोग नाही. गाडी बैलाच्या चालीनं, शांतपणे, दारावरून गेली. इतकी शांत, की मला वसंताच्या वडिलांच्या मिशा थरथरताना नीट दिसल्या.

"आवं, भूकंपसुदीक आमच्या दारात जरा थांबला हुता!" ते ओरडले. त्या भूकंपाला सहा-सात वर्षं झाली असतील, पण त्याचं इतकं कौतुक कोयनेत त्या दिवशी पहिल्यांदाच झालं असेल. शेजारचा कुणी म्हणाला, "घर पसंत न्हाई वाटतं." मी हौद्यातून ओरडले, "पसंत हाय वो! लय पसंत हाय!" पण आम्ही तोवर पाण्याच्या टाकीपाशी होतो.

हे स्थळ मोडलं असतं, तर शालनच्या वाट्याला पुन्हा तेच : चहाचे ट्रे, आणि दारात उभी राहिली की पाहुण्यांचे वर जाणारे डोळे.

मालकांना मिलिटरी आठवली. "खालनं चढावर जाऊ. चढाला गाडी आपसूक थांबती."

बरोबर होतं. चढावर गाडी अगदी दारासमोर थांबली. आबा उतरायला एक पाय खाली टाकतात, तोच गाडी उलटी निघाली. हँडब्रेक मिलिटरीत, लायनर माझे! आबा पाय परत आत ओढून बसले. वसंताचे वडील पाठ फिरवून म्हणाले, "चला रं आत. नाकारलं त्यांनी घर. तीन डाव नाकारलं."

तेवढ्यात ताडपत्री उडाली. शालन हौद्यात ताठ उभी राहिली. इतकी उंच ती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

"आवं, नुसतं बघतायसा काय?" ती थेट वसंतावर कडाडली. "दगूड लावा की चाकाला!"

लग्नाआधी नवऱ्या मुलाशी बोलायचं, तेही ओरडून! मी डोळे मिटले. उघडले तेव्हा वसंत कुंपणाचा दगड पोटाशी धरून गाडीमागं पळत होता. नवा सदरा चिखलानं माखला होता. त्यानं दगड चाकाखाली सारला. गाडी थांबली.

"दुसऱ्या बाजूला बी!" शालन म्हणाली.

"व्हय, आणतो," वसंत म्हणाला आणि आणला.

त्याची आई तांब्या खाली ठेवून पदराआड हसायला लागली. "अगं बाई! मी हाक मारली तर हे अंथरुणातनं उठत न्हाई, आन हिच्या एका हाकंला दगडं उचलतंय!" वडील अजून फुगलेलेच होते. "ते असू दे. घर पसंत हाय का न्हाई, ते बोला."

आबा उतरले, पटका सारखा केला आणि म्हणाले, "पावणं, म्होरनं दोनदा बघितलं, मागनं एकदा बघितलं. आता चहा पाजा."

मिशा हलल्या. हसले.

तिथल्या मिस्त्रीनं संध्याकाळी चाक उघडून लायनर हातात घेतले. "जरा बी झिजलं न्हाईत," तो म्हणाला. मी मालकांना लगेच म्हटलं, "बघा, माल पक्का हाय की न्हाई!" मालक एसटीची वेळ विचारायला निघून गेले. आम्ही एसटीनं परत आलो, आणि वसंताच्या वडिलांनी एकच अट घातली : वऱ्हाड पण एसटीनंच आणायचं.

लग्नात शालनला नाव घ्यायला सांगितलं. तिनं माझ्याकडं बघत घेतलं :
"वहिनीच्या पसंतीची गाडी दारात काही थांबेना,
वसंतरावांचं नाव घेते, आता लग्न माझं लांबेना."
मांडव हसून लोळला. मी पण हसले. न हसून करते काय?

वसंताच्या आईनं तो दगड उंबऱ्याशी बसवून घेतला होता. नवी जोडी पाया पडायला निघाली, तेव्हा तिनं आधी त्याला हळदकुंकू वाहायला लावलं. मग दोघं माझ्याकडं आली, कारण स्थळ मी काढलं होतं. म्हणजे पहिला नमस्कार दगडाला आणि दुसरा मला. क्रमाबद्दल मी तेव्हा तक्रार केली नाही, आजही करत नाही. गाडी थांबवली होती ती त्यानंच.