बाहीखालचा चावा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्यात मी जॉबर आहे. माग बिघडला की पाना घेऊन धावायचं, हे माझं काम. लोक विचारतात, कारखान्यात करमणूक काय? करमणूक होती. दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, गेटसमोरच्या टपरीवर आम्ही तिघं मुडद्यांवरून भांडायचो.

मुडदे म्हणजे एका परदेशी सिरियलमधले. हिंदीत डब केलेली, मोबाईलवर दर रविवारी नवा भाग. मेलेली माणसं उठून चालायला लागलीत, जिवंतांना चावतायत, आणि ज्याला चावतील तोही दोन-चार दिवसांत मुडदा होतोय. उरलेली मूठभर माणसं एका जुन्या शाळेला चारी बाजूंनी पत्रे ठोकून आत राहतात. त्यांचा नियम एकच. चावलेला माणूस गेटच्या आत ठेवायचा नाही.

आमच्यातली खरी दर्दी म्हणजे शिलाईवाली मावशी. टॉवेलच्या कडा मशीनवर मारणारी, पन्नाशीची बाई. एकादशीला साबुदाणा खायची आणि सोमवारी मुडद्याचं डोकं कसं फुटलं ते हाताने करून दाखवायची. दुसरा मी. आणि तिसरा अण्णा.

अण्णा तेलुगू विणकराच्या घरातला, चाळीस वर्षं मागावर उभा. त्याचं नाव हजेरीच्या वहीत होतं, तोंडात कुणाच्या नव्हतं. सगळ्यांचा तो अण्णाच. मागाच्या चौकटीला नुसता तळहात लावून तो सांगायचा, "आतलं बोल्ट ढिलं झालंय बघ." मी पाना लावून बघायचो तर खरंच ढिलं. मला शिकवलं त्यानंच.

आमच्या शेडबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शेडमध्ये कुणालाच काही ऐकू येत नाही. शंभरावर माग एकदम चालतात तेव्हा स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नाही. म्हणून आत आम्ही आवाजाने बोलतच नाही. ओठ हलवायचे, हात करायचे. डोक्यावरून हात फिरवला की मालक आला. अंगठा ओठाला लावला की चहा. मराठी, तेलुगू, आमची सोलापुरी हिंदी, सगळं ओठांवरून वाचता येतं. नवा माणूस सहा महिन्यांत शिकतो. अण्णा तर चार मागांपलीकडून चालू गप्पांत तोंड घालायचा.

पण सिरियलची गोष्ट अण्णा भलतीच सांगायचा. शाळेतली डॉक्टरीण आणि तो दाढीवाला नवरा-बायको होते, हे पहिल्या भागापासून सगळ्यांना माहीत. अण्णा म्हणे, "भाऊ-बहीण हायत की ती. जागेवरनं भांडण झालंय त्यांचं." शाळेचा टोपीवाला म्होरक्या भाषण ठोकायचा, "अन्न संपत आलंय." अण्णाच्या गोष्टीत तो मेलेल्या आईची आठवण काढायचा. आम्ही हसायचो. वाटायचं, म्हातारा टिंगल करतोय. मावशीला तर त्याचीच गोष्ट आवडायची. म्हणायची, "अण्णा, तुमची लई भारी हाय. त्यात घरदार तरी हाय." मीच चिडायचो. एकदा म्हणालोसुद्धा, "अण्णा, तुमी दुसरीच सिरियल बघता काय ओ?"

तो नुसता हसला.

मी चिडका माणूस आहे, हे लपवत नाही. पण तेव्हाच्या चिडण्याचं कारण मी स्वतःलाही सांगत नव्हतो. घरी टीव्हीचा आवाज मी वाढवायचो आणि पोरगी कमी करायची. बायको पाठमोरी काही बोलली की मी "हां" म्हणून मोकळा व्हायचो आणि नंतर शिव्या खायचो. खाई त्याला खवखवे. ज्याला स्वतःचं काही झाकायचं असतं तो दुसऱ्याची चूक फार मोठ्याने दाखवतो. टपरीवर सगळ्यात मोठा आवाज माझाच असायचा.

मग तो भाग आला, ज्यात दाढीवाल्याला मुडदा चावला. दंडाला. त्याने बाही खाली ओढली आणि गेटमधून आत आला, कुणाला काही बोलला नाही. सोमवारी टपरीवर रण पेटलं.

मावशी म्हणाली, "बाई गं, लहान लेकरं हायत आत. ह्यानं सांगाय नगं व्हय?"

मी म्हणालो, "असल्याला पैला भायेर काढला पायजे. लपवणारा सगळ्यात वाईट. मुडदा बरा, तो दिसतो तरी."

अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होता. तो नेहमीच बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा, आम्हाला ती त्याची अदब वाटायची. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "लपवंल न्हाय तर काय करंल? गेटभायेर काय हाय त्याला?"

"म्हणून सगळ्यांना मारणार का तो?"

"अजून कुणाला चावला न्हाय की तो," अण्णा म्हणाला. "काम करालाय. लाकडं फोडालाय, पाणी आणालाय. चावल्यावर बघा की."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. आज ते मला स्वच्छ ऐकू येतं. तेव्हा मला फक्त वाद जिंकायचा होता.

मी म्हणालो, "बरं, डॉक्टरणीला त्यानं दार लावून काय सांगितलं ते तरी सांगा." सगळ्या भागाचा जीव त्या बोलण्यात होता. तो बायकोला म्हणतो, दोन दिवस दे, पोरगी सीमेवरून येतेय, तिला बघतो आणि माझा मी गेटबाहेर जातो. ते ऐकून मावशी रविवारी रडली होती.

अण्णा म्हणाला, "जागा तुझ्या नावानं करतो म्हणाला की. बहिणीला."

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा लख्ख झालं. शेडमध्ये चार मागांवरून ओठ वाचणारा माणूस. सिरियलमधली माणसं बोलतात इंग्रजी, आवाज लावलाय हिंदी. ओठ एक बोलतायत, आवाज दुसरंच. खालची अक्षरं इंग्रजी, ती त्याला वाचता येत नाहीत. वर्षभर हा ऐकू न येणारा माणूस रविवारी मोबाईल धरून नुसती हलणारी तोंडं बघत होता आणि सोमवारी आमच्यात बसता यावं म्हणून गोष्ट रचून आणत होता.

इथं मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला गंमत वाटली. खरं सांगायचं तर जोर चढला.

मी उठलो, त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो आणि साध्या आवाजात म्हणालो, "अण्णा, उद्यापासनं तुमचे माग मला द्या." तो चहात खारी बुडवत राहिला. मी म्हणालो, "अण्णा, मागं मुडदा उभा हाय." खारीचा तुकडा चहात पडला, तो बोटाने काढत बसला. टपरीवरची चार माणसं हसली. मावशी नाही हसली. ती माझ्या खांद्यापलीकडे बघत होती. तिकडे मॅनेजर उभा होता, चहाला आलेला.

मॅनेजर चहा घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने अण्णाला ऑफिसात बोलावलं. एसीच्या त्या खोलीत मागांचा आवाज पोचत नाही. त्याला भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लावलं आणि मागून तीनदा हाक मारली. मला साक्षीला उभं केलं होतं. मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाला, "तूच बरोबर ओळखलंस." शाबासकी दिल्यासारखं.

मग अण्णाला समोर वळवून तो सावकाश, ओठ ताणून बोलला. लहान पोराशी बोलावं तसं. सुरक्षेचा प्रश्न आहे. कुणी ओरडलं तर तुम्हाला ऐकू येणार नाही. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?

अण्णा म्हणाला, "शेडमदी कुणाला ऐकू येतंय साहेब?"

  ज्या शेडने त्याचे कान खाल्ले आणि ज्या शेडमध्ये मालक आला तरी त्याला हाताने बोलावं लागतं, त्या शेडमधून त्याला ऐकू येत नाही म्हणून काढलं. मला तिथं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं की चाळीस वर्षांत ह्याच्या मागावर एक अपघात नाही. मी म्हणालो नाही. मला भीती वाटली, मॅनेजर म्हणेल, बरं, आता तू वळ भिंतीकडे.

जाताना अण्णाने शेडमधून आपला डबा उचलला, आपल्या मागाच्या चौकटीला एकदा तळहात लावला आणि गेला.

लोकांना वाटेल, मग टपरीवरची चर्चा बंद पडली असेल. छे! पुढच्या सोमवारी आम्ही बसलो होतो. मावशी माझ्याशी सरळ बोलत नव्हती, पण सिरियल तिला सोडवत नव्हती. अण्णाच्या जागी पॅकिंगमधला एक जण यायला लागला. त्याला गोष्ट बरोबर सांगता यायची. सगळी. कोण कुणाचा नवरा, कोण काय म्हणालं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. इतका कंटाळा येईल असं वाटलं नव्हतं.

तीन-चार भागांनी दाढीवाल्याची बाही वर गेली. लाकडं फोडताना. त्या शाळेतली माणसं, ज्यांच्यासाठी त्याने पाणी आणलं होतं, ती गोळा झाली आणि त्याला गेटबाहेर घातलं. पोरगी अजून पोचली नव्हती. मावशी म्हणाली, "बरंच झालं म्हणा, नियम म्हणजे नियम." आणि माझ्याकडे बघितलं. मी चहा न पिता उठलो.

मला आता डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ते खोटं नाही. कारखान्यात कुणाला सांगितलेलं नाही. टपरीवर मी भिंतीला पाठ लावून बसतो, म्हणजे मागे कुणी उभं राहू शकत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. परवा पॅकिंगवाला म्हणाला, "जॉबर, तुमी लई ध्यान देऊन ऐकता." माझी बाही अजून खाली आहे.

गेल्या महिन्यात दुपारी अण्णा दिसला. बायकोबरोबर चालला होता. ती घरी विड्या वळते, वळलेल्या विड्यांचं सूप तो डोक्यावर घेऊन विडी कारखान्याकडे निघाला होता. बायकोने मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. अण्णा थांबला. रस्त्यावर ट्रकची रांग होती, हॉर्न वाजत होते. त्याने शेडमधल्यासारखे नुसते ओठ हलवले. "मुडदे बघतोस का अजून?"

मी ओठांनीच म्हणालो, "बघतो."

"दाढीवाल्याचं काय झालं?"

काय सांगणार? वर्षभर त्याने आम्हाला घरदाराची, बहिणीची, आईच्या आठवणींची गोष्ट सांगितली होती. म्हटलं, एक गोष्ट आपणही द्यावी. मी ओठ सावकाश हलवत म्हणालो, "वाचला. डॉक्टरणीनं औषध शोधलं. पोरगी पण आली."

तो माझ्या ओठांकडे शेवटपर्यंत बघत राहिला. मग बोलला, आवाज काढून, ऐकू न येणारी माणसं बोलतात तेवढ्या मोठ्याने. पुढे चाललेल्या दोन बायका वळून बघायला लागल्या.

"मी बघितलो की. गेटभायेर घातले त्याला. तू दुसरीच सिरियल बघतोस काय?"

सूप सावरत तो बायकोच्या मागे चालायला लागला. मी हाक मारली नाही. मारून उपयोग नव्हता, आणि धावत जाऊन त्याच्या समोर उभं राहायची माझी छाती नव्हती.