मामीचा ताठा

"गेली," फोन ठेवत आई म्हणाली. मग साडी बदलताना पुन्हा, "शेवटपर्यंत वाकली नाही बाई."

याला आता दीडेक महिना होईल. मामी म्हणजे आईच्या धाकट्या भावाची बायको. माहेर मोर्शीचं, संत्र्यांच्या बागेतलं. सासर दर्यापूरकडच्या खारपाण पट्ट्यात, जिथं विहिरीच्या पाण्यात डाळसुद्धा शिजत नाही. तिच्या लग्नानंतर मामानं अंगणात खोल बोअर मारला आणि गोड पाणी लागलं. गाव तिला पायगुणाची म्हणू लागलं. पुढं आयुष्यभर ती तेच पाणी प्यायली.

मला आठवते ती मामी कधी मान वळवत नसे. हाक मारली की कपाट फिरवावं तशी अख्खी वळायची. खाली पडलेला चमचा पायाच्या बोटांनी उचलून हातात घ्यायची. पाणी भरायला तिनं नळाखाली कमरेइतका उंच ओटा बांधून घेतला होता. जोडवी सैल झाली की मला बोलावायची. मी इंग्रजी शाळेतली, वऱ्हाडी कळायची पण बोलायला लाजायची. तिच्या पायाशी बसून जोडवी दाबून देणं मला बोलण्यापेक्षा सोपं वाटायचं...

दिवाळीत मोठ्या नणंदेच्या, म्हणजे आईच्या, पाया पडताना मामी आईच्या कोपराला हात लावून तो कपाळाला न्यायची.

"पाय खाली असतात वं," आई म्हणायची. "कोपराच्या पाया पडून राहिली काय? मोर्शीचा ताठा हाय हा."

"वाकताच येत नाही ताई. तुमी खाटेवर उभ्या राहा, मंग पुरते माहा हात."

सगळे हसायचे. आई नाही. मामी दरवर्षी खरं तेच सांगायची आणि आईला दरवर्षी ते उलट उत्तर वाटायचं.

आईची साठी आम्ही अकोल्यात एका हॉलमध्ये केली. आई खुर्चीत, पाय पाटावर, समोर नमस्काराची रांग. मामीची पाळी आली तशी आई सगळ्यांदेखत म्हणाली, "आज तरी." मामीनं माझा खांदा धरला. गुडघे वाकवून पाहिले, ते वाकेनात. कंबर वाकेना. हात खाली नेता नेता तिचा तोल गेला आणि ती खांबासारखी आडवी झाली, थेट पाटाच्या कडेवर.

"पडली एकदाची पाया!" आई म्हणाली. दोन-चार जण हसलेसुद्धा. मग मामी ओरडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. खुबा मोडला होता, पण हाडं कशी पांढरीफेक दिसत होती. मामा माझ्या कानाशी म्हणाला, "पाह्य, काय मजबूत हाडं हायेत तुह्या मामीचे!"

"पाणी कुठलं पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरचा बोअर, साहेब," मामा अभिमानानं म्हणाला. "एका शिटीत डाळ शिजते."

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की ते वर्षानुवर्षं हाडांत साठतं. हाड दाट होतं, सांधे आणि मणके जखडतात, पण ताकद जाते. "खडू जाड असला म्हणून मोडायचा राहत नाही."

मामी खाटेवरून ऐकत होती. तिनं माझं मनगट धरलं. "ताईले सांग... म्या नाही, पाण्यानं वाकू देल्लं नाही."

मी सांगितलं. आई म्हणाली, "पाण्यानं कोणी ताठ होते काय? आमी त्याच गावात वाढलो." बोअर आईच्या लग्नानंतरचा होता, हे तिला आठवलं नाही.

ऑपरेशन झालं, पण ठिसूळ हाडात स्क्रू धरला नाही. मामी अंथरुणाला खिळली, पाठीला जखमा झाल्या, मग छाती भरली. तिरडीवर ती सरळ होती. जोडवी मीच दाबली.

तेरवीला पाहुण्यांसाठी पाणी भरायला आई मामीच्या ओट्यापाशी उभी राहिली. "बरं केलं हे तिनं," ती म्हणाली, "वाका लागत नाही." हंड्याएवढा पितळी गुंड भरता भरता एक ग्लास तिनं तोंडाला लावला आणि अंगणात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या मामाला हाक मारली.

मामा मान न वळवता, अख्खा वळला.

"काहून रे," आई हसत म्हणाली, "तुले बी ताठा..."

ग्लास तिच्या हातातच राहिला. ओट्यावर गुंड भरून वाहत होता.