दाजीपूरच्या चढावर माझी गिअरवाली

"तुमच्या जीपमध्ये एकदा जरी बसले, तरी सायकल विकून टाकेन!" असं मी रागाच्या भरात बोलले आणि आमची सहल ठरली.

राग येणार नाही तर काय? पंधरा वर्षांची झाल्यावर "मुलगी मोठी झाली" म्हणून घरच्यांनी माझी सायकल काढून घेतली होती. साठाव्या वर्षी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर, राधानगरीला सायकलनं जायचं म्हणून मी नवी घ्यायला निघाले तर यजमान म्हणतात, "अगं, या गुडघ्यांनी राधानगरी? मी जीप घेऊन मागून येतो. दमलीस की बस."

कोल्हापुरातल्या दुकानदाराची तऱ्हा आणखी वेगळी. चौकशी मी करत होते, उत्तरं तो यजमानांना देत होता. "साहेब, बाईसाहेबांना बास्केटवाली देऊया की."

"बास्केटमध्ये काय घालू, तुम्हाला?" मी विचारलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलायला लागला.

मी महिनाभर सायकलींवरची मासिकं वाचून गेले होते. पुढचं चाक धरणारे स्प्रिंगवाले फोर्क नाकारले. स्वस्तातले नुसते जड असतात. ब्रेक साधे, रिमला चिमटणारे, कारण त्यांचे रबर कुठल्याही गावात मिळतात. टायर खडबडीत नक्षीचे. मागचं सगळ्यात मोठं चक्र बत्तीस दात्यांचं मागितलं, तेव्हा तो हसला. "एवढं मोठं? पायडल मारून मारून तितंच ऱ्हाशिला."

"तिथं राहीन, पण मागं घसरणार नाही. बसवा!"

सगळं मिळून अकरा हजार. माझे, पेन्शनचे.

डिसेंबरात सकाळी सहाला निघालो. पुईखडीचा चढ संपता संपता कानटोपी काढली. रस्ता ठीक होता, पण उसाच्या ट्रॉल्यांपासून जपा; त्या आपल्या तोऱ्यात डुलत येतात आणि मागे उसाचे तुकडे, टिपऱ्या, सांडत जातात. हळदी गावात गरम भजी, चहा. पुढं एका गुऱ्हाळावर ताजी काकवी चाखली आणि अंगात असा जोर आला, की एका ट्रॅक्टरला मी चक्क मागं टाकलं! ट्रॅक्टरवाला ओरडला, "आज्जी, दमानं!" आज्जी म्हणे!

राधानगरी पन्नासेक किलोमीटर. एकच्या सुमाराला पोहोचले तेव्हा गुडघे ठणकत होते. यजमानांसमोर मात्र ताठ चालत लॉजमध्ये शिरले. लॉजची खोली तीनशे रुपये, स्वच्छ. तांबडा रस्सा आणि भाकरी झकास.

दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा, दाजीपूरकडचा चढ. दुसऱ्याच वळणावर गुडघ्यात कोणी सुया खुपसतंय असं वाटलं. सगळ्यात हलका गिअर लावूनही पाय फिरेना. मी थांबले. जीपही थांबली. यजमानांनी आतून वाकून माझ्या बाजूचं दार उघडलं. ते उघडं दार गुडघ्यांपेक्षा जास्त झोंबलं. डोळ्यांपुढं सायकलचं गिऱ्हाईक दिसायला लागलं.

तेवढ्यात खालून काळ्या जड सायकलवर एक दूधवाला आला, दोन्ही बाजूंना रिकाम्या किटल्या खडखडवत. माझ्याच वयाचा असेल. धापा टाकत थांबला.

"काय झालं, बाई?"

"गुडघे."

त्यानं सायकल वरून खालून न्याहाळली. "हुनारच की! गुडघं छातीला लागत्यात. सीट वर घ्या."

"सीट बरोबर आहे. दोन्ही पाय जमिनीला टेकतात."

"टेकायचंच आसंल तर चालत जावा की! सायकल कशाला?"

मला चीड आली, कारण तो बरोबर होता. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी शिकवलं होतं, दोन्ही पाय टेकले तरच मुलगी सभ्य दिसते. दाते मोजून घेणारी मी सीटवर मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचीच मुलगी होऊन बसले होते. दुकानदारानंही बाई म्हणून ती खालीच ठेवली होती.

सीटची खिट्टी ओढली, चार बोटं वर घेतली. "आनि जरा," दूधवाला म्हणाला. आणखी दोन बोटं.

"धरू का?" यजमानांनी विचारलं.

"दार लावा आधी."

रस्त्याकडेच्या दगडावर पाय देऊन चढले. जमीन फार खाली गेली होती. पण पहिल्याच पायडलला पाय पूर्ण पसरला आणि बत्तीस दाती चक्र लोण्यासारखं फिरलं! दूधवाला मागून ओरडला, "आत्ता कसं!"

वर पोहोचले. जीपमध्ये न बसता, सायकल न ढकलता. पुढं लाल मातीची पायवाट, सुकी पानं, टायरखाली चरचर. मी वेड्यासारखी हसत होते. मोबाइलला रेंज नव्हती, नाहीतर दुकानदाराला तिथूनच फोन लावला असता. उतारावर साध्या ब्रेकांनी एकदाही दगा दिला नाही.

तिसऱ्या दिवशी सायकलवरच घरी आले. पुढचे दोन दिवस जिना कठड्याला धरून, उलट्या पावलांनी उतरत होते. दुखत मांड्या होत्या. गुडघे गप्प होते.

जाणार असाल तर पाणी भरपूर न्या, आणि सगळं मनासारखं निवडून झालं की सीटवर बसून पायडल खाली घ्या. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे, मग जमीन लांब राहिली तरी चालेल.

यजमान तोंडानं "हरलो" म्हणाले नाहीत. पण रविवारी जिन्याखालचं आपल्या बुटांचं कपाट त्यांनी स्वतः ओढून बाहेर काढलं, फरशी पुसली आणि माझी सायकल तिथं उभी केली.