सहजच केलेला फोन

आधीच सांगते, स्वप्नात येऊन कोणी निरोप देतं वगैरे गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. देऊळगाव राजाला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते मी. तरी हे लिहितेय, कारण विचार करकरून डोकं पिकलंय.

आई गेली त्या दुपारी मी वर्गावर होते, फोन सायलेंटवर. तिचा एक मिस्ड कॉल येऊन गेला होता. तासाभराने माहेरून, सोनाळ्याहून, भावाचा फोन आला, तेव्हा सगळं संपलं होतं. तो मिस्ड कॉल मी कोणालाच सांगितला नाही, नवऱ्यालाही नाही. आईचा साधा फोनसुद्धा त्याच दिवशी गुपचूप पर्समध्ये टाकून आणला.

तेव्हापासून एकच स्वप्न. वर्ग चालू आहे, पर्समध्ये फोन थरथरतोय, आणि पर्सची चेन काही केल्या उघडत नाही... बोटं सोलवटतात, मी किंचाळून उठते. गोळ्या झाल्या, ध्यान झालं. नुसता वैताग!

मग ल्युसिड ड्रीमिंगबद्दल वाचलं — स्वप्नातच कळायचं की हे स्वप्न आहे, म्हणजे त्यात हवं ते करता येतं. त्यासाठी दिवसभर एखादी गोष्ट दोनदा वाचायची सवय लावायची. स्वप्नात म्हणे आकडे टिकत नाहीत. मी फळ्याचा कोपरा धरला, जिथे रोज पट आणि हजेरी लिहितो. महिनाभर पोरं हसली. "मॅडम, सारखं फळ्याकडं काय बघायल्यात?"

मागच्या रविवारी दुपारी जेवून आडवी झाले. तोच वर्ग. पट ४२, हजर ३८. मान वळवून पुन्हा वाचलं — हजर ४५! कळलं मला. चेन सर्रकन उघडली. फोन कानाला लावून म्हटलं, "आई, त्या दिवशी फोन काऊन केला होता वं?"

तिचा श्वास ऐकू आला... आणि मला जाग आली. इतका संताप झाला की उशी भिंतीवर फेकली.

पाचच मिनिटांत भावाचा फोन. "ताई, आत्ता जरासा डोळा लागला, तं आई दिसली. म्हणे, ताईले सांग, फोनचं मनाले लावून घेऊ नको, म्या सहजच केला होता. कोणत्या फोनचं सांगून राह्यली होती वं आई?"

नंतर बोलते म्हणून मी फोन ठेवला.

योगायोग म्हणा, काहीही म्हणा. पटेल असं कारण अजून कोणी दिलेलं नाही. ते स्वप्न त्या दिवसापासून बंद झालंय, म्हणजे पुन्हा विचारायचीही सोय नाही. मैत्रीण म्हणते, सुटलीस बाई. कसली सुटले! जीव तोडून विचारलं मी, आणि उत्तर त्याला? आणि तेही हे? अंगात ताप असो, पाय मुरगळलेला असो, आमची आई फोनवर कायम हेच म्हणायची — "काही नाही वं, सहजच केला."