मिटवायची तार

मार्चच्या अखेरीस इथे अमेरिकेत, अल्फारेटातली पाइनची झाडं परागाचा धुरळा सोडू लागतात आणि मोटारींवर, पत्रपेट्यांवर, ओसरीत ठेवलेल्या माझ्या वाद्याच्या काळ्या पेटीवर कोणी हळद उधळून गेल्यासारखा पिवळा थर बसतो. त्या कोवळ्या, किंचित राळेच्या वासाच्या उन्हात मी पेटी पुसत असतो आणि मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करत असतो: झाडांचा, जॉर्जियाच्या दमट हवेचा आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या फ्रेंच उमरावांचा, ज्यांना अत्तराच्या रुमालांतून सवड मिळाली की हे असलं वाद्य छेडण्याची लहर येत असे. ल्यूट त्याचं नाव. अर्ध्या भोपळ्यासारखं पोट, मागे मोडल्यासारखी मान, आणि वीस तारा, त्याही मेंढीच्या आतड्याच्या. चातुर्मासात कांदालसूण न शिवणाऱ्या घरातला मी, निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर, रोज सकाळी अर्धा तास मेंढीची आतडी पिळत बसतो.

या वाद्याकडे मला संगीतप्रेमानं ओढलं, असं मी लोकांना सांगतो. खरं कारण तिरस्कार. तीस वर्षं मी इथल्या मराठी मंडळात सतार वाजवली आणि तीस वर्षं माझी सतार जेवणाची रांग लागण्याआधीच्या वीस मिनिटांत कोंबली गेली. मारव्याचा ऋषभ कसाबसा जागेवर यावा, तोच मागून कढीचा वास यावा, खुर्च्या सरकाव्यात, आणि मग तीच माणसं श्रीखंडाची वाटी हातात घेऊन ‘काय मस्त वाजवता हो’ म्हणायला यावीत! त्या कौतुकाची मला किळस येऊ लागली. निवृत्त झालो, सतार गवसणीत घातली आणि मुद्दाम असं वाद्य शोधलं, ज्यातलं इथल्या एकालाही ओ की ठो कळणार नाही. तिथे कोणी वाखाणणार नव्हतं, आणि कोणी चूकही पकडणार नव्हतं. यातलं दुसरं कारण मी स्वतःपाशीसुद्धा बोलत नसे.

जुनं युरोपीय संगीत वाजवणाऱ्या इथल्या लोकांबद्दलही माझं मत काही बरं नाही. पांढऱ्या केसांच्या शेपट्या बांधलेले हे गृहस्थ कुठल्या देशातल्या मेंढीचं आतडं अधिक गोड वाजतं यावर तासन्‌तास वाद घालतात. त्यांच्यातल्या एक मार्थाबाई तेवढ्या वेगळ्या. ऐंशीच्या घरातल्या, मोजकं बोलणाऱ्या. मला शिकवायला त्या तयार झाल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी एक प्रील्यूड, म्हणजे मुख्य रचनेआधी वाजवायचा छोटा तुकडा, समोर ठेवला: सहा रेघा आणि त्यांवर नक्षीदार वळणाची फ्रेंच अक्षरं. आपल्याकडे अक्षर म्हणजे स्वर. ‘ग’ दिसला की गांधार. इथे अक्षर म्हणजे नुसती बोटाची जागा, ‘ए’ म्हणजे मोकळी तार, ‘बी’ म्हणजे पहिला पडदा. स्वर कोणता निघतो ते तुमचं तुम्ही ऐकायचं. शिवाय या प्रकाराला ताल नाही, मात्रा नाहीत, अक्षरं पाण्यावरच्या पानांसारखी सुटी तरंगत असतात. मी मनात हसलो. हा तर आपला आलाप, आणि तोही दरिद्री: ना मींड, ना गमक, दीड मिनिटात आटोपणारा.

त्या तुच्छतेनंच माझा घात केला. सतारीला सरावलेला माझा हात दोन वाक्यांमध्ये जरा मोकळी जागा दिसली की खर्जाची तार छेडून यायचा, सतारीच्या कडेच्या चिकारीच्या तारांवर जावा तसा. कोणी न लिहिलेला षड्ज मी प्रत्येक फटीत भरत होतो आणि वर समजत होतो की या कोरड्या फ्रेंचांना मी थोडा ओलावा देतो आहे. मार्थाबाईंनी दोन महिने ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, की इथे तुम्ही कोणाला धीर देता आहात? त्यानंतर त्यांनी मला छेडलेली खर्जाची तार अंगठा टेकवून मिटवायला शिकवलं. अडुसष्टाव्या वर्षी मी वाजवायला नव्हे, थांबायला शिकत होतो. घरी जाताना गाडीत मी त्यांना, त्यांच्या मांजरांना आणि समस्त फ्रान्सला नावं ठेवली.

पण एका दुपारी, वर्षभरानं, अंगठा वेळेवर टेकला. या संगीतात स्वर एकत्र वाजतच नाहीत. एका घरातली माणसं सकाळी एकामागून एक उठावीत तसे ते येतात, आणि खालचा मिटला की वरचा, मघाशीच सोडून दिलेला, अजून खोलीत आहे हे ऐकू येतं. मला आनंद झाला. तो झाल्याचा रागही आला, पण झाला.

एप्रिलमध्ये एका छोट्या चर्चमध्ये मार्थाबाईंचे विद्यार्थी वाजवणार होते. फटी भरणार नसाल तर प्रील्यूड तुमचा, नाहीतर नाही, असं त्यांनी बजावलं होतं. असल्या समारंभांना नाकं मुरडणाऱ्या मला तो प्रील्यूड इतका हवासा वाटत होता की आठवडाभर धड जेवण गेलं नाही. आणि रविवारी दुपारी बघतो तर तिसऱ्या रांगेत शुभदा! मंडळाचे कार्यक्रम ठरवणारी, मला दरवर्षी कढीच्या आधी बसवणारी चाळिशीतली ही बाई दारावरच्या पाटीवर माझं नाव वाचून आत आली होती.

प्रील्यूडमध्ये पाच विराम आहेत. चार मी रिकामे ठेवले. पाचवा सगळ्यांत लांब. तिथे अंगठा आपणहून गेला आणि खर्ज वाजला. मी लगेच मिटवला. टाळ्या झाल्या. एका शेपटीवाल्या गृहस्थांनी नेमक्या त्या खर्जाची खास तारीफ केली. मार्थाबाई नुसत्या ‘चार’ म्हणाल्या.

मग शुभदा आली. मी एक खोचक वाक्य तयार ठेवलं होतं.

“काका, मला म्युझिकमधलं काही कळत नाही हां,” ती म्हणाली, “पण लास्टला तुम्ही एकदम थांबलात ना, मी श्वास होल्ड करून बसले होते. आणि तुम्ही ती खालची जाड तार वाजवलीत. घाबरलात का तिथे?”

मी वाद्य पेटीत ठेवू लागलो.

“मंडळात सतार वाजवताना पण असंच करायचात. लोक बोलायला लागले की ती साइडची तार जोरात. मी सर्व्हिंग टेबलमागून ऐकायचे ना, दरवर्षी.”

“हो,” मी म्हणालो. “घाबरलो.”

तिनं मान डोलावली. इतकी वर्षं ती ऐकत होती, आणि मी तिच्याकडे एकदाही धड पाहिलं नव्हतं. तिच्या डाव्या भुवईशी एक जुना व्रण आहे, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.