गाठी चाचपणारे मालक

आमच्या मालकांइतका दयाळू आणि त्याच वेळी अंगावर काटा आणणारा माणूस उभ्या सोलापुरात शोधून सापडायचा नाही. अक्कलकोट रस्त्याला त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे आणि मी तिथे जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. इतर मालक किती नग काढलेस म्हणून विचारतात. आमचे मालक सकाळी फाटकात उभे राहून रात्री काय स्वप्न पडलं ते विचारतात. वाईट पडलं असेल तर त्या दिवशी भरपगारी रजा! एका बिलंदराला दर सोमवारी स्वप्नं पडू लागली. तिसऱ्या सोमवारी मालक त्याच्या घरी गेले आणि खाटेजवळ खुर्ची टाकून दिवसभर त्याच्या तोंडाकडे टक लावून बसले. "झोप बिनघोर, मी हाय की हितं," असं अधूनमधून म्हणत. त्या बिचाऱ्याचा डोळा क्षणभर लागला नाही आणि पुढे त्याला स्वप्नं पडायची बंद झाली.

पण खरी भीती त्यांच्या बोटांची. मागावर उभा धागा तुटला की विणकर त्याला गाठ मारून पुढे जातो आणि प्रत्येकाच्या हाताची गाठ निराळी असते. मालक रोज दुपारी डोळे मिटून नव्या कापडावरून बोटं फिरवतात. "ह्याचं बायकोशी वाजलंय," "ह्याला आईचा घोर लागलाय," असं म्हणतात, आणि बहुधा ते खरं निघतं. एक जण तर घरी भांडण झालं की दिवसभर शेजारच्याकडून गाठी मारून घ्यायचा. दोन मागांवर एकाच हाताच्या गाठी लागल्या, तसं मालकांनी दमला असशील म्हणून त्या शेजारच्यालाच आरामाला घरी पाठवलं.

ही विद्या त्यांना आधी येत नव्हती. आमच्याकडे व्यंकटेश नावाचा विणकर होता. एके सकाळी तो डबा घेऊन घरून निघाला आणि कारखान्यात आलाच नाही. त्यानं जीव दिल्याचं दुपारी कळलं. त्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या टॉवेलांवर दुहेरी, आवळून आवळून मारलेल्या गाठी होत्या. मी त्या पाहिल्या होत्या. "गाठ नीट मार की रे," म्हणून त्याच्यावर खेकसलोही होतो, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यातला एक टॉवेल मालकांच्या टेबलाच्या खणात असतो. "माझ्या छपराखाली माणूस झुरत होता आन् मला पत्ता न्हाय," एवढंच ते एकदा बोलले.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी नऊ नंबरच्या मागावर त्यांची बोटं थांबली. चेहरा पांढराफटक पडला. "ही व्यंकटेशची गाठ हाय," ते म्हणाले. मी हसायला गेलो, पण हात लावून पाहिला, तर तीच दुहेरी, आवळून मारलेली गाठ. तो माग लक्ष्मणचा. व्यंकटेश गेल्यावर वर्षभरानं कामाला लागलेला. त्यानं व्यंकटेशला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. मालकांनी सगळे माग बंद करायला लावले. एवढी शांतता मी त्या शेडमध्ये दिवाळीच्या सुट्टीतही अनुभवली नव्हती.

"बरं हाय की मालक, काय झालं न्हाय," लक्ष्मण म्हणाला. मालक त्याच्याजवळ सुताच्या पोत्यावर बसून राहिले. तासाभरानं तो हळूच म्हणाला, "मागाच्या पल्याड एक जण उभा असतोय. नुसता बघतोय, आन् चल म्हणतोय."

"उद्या आला तर त्याला सांग," मालक म्हणाले, "मालक सोडत न्हाईत."

मग त्यांनी त्याला स्वतःच्या गाडीत बसवून मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि नंतरच्या प्रत्येक खेपेलाही तेच सोबत गेले.

आता लक्ष्मण बरा आहे. गोळ्या चालू आहेत, जेवतो, हसतो, गाठीही साध्या मारतो. मालक रोज दुपारी अर्धा तास त्याच्यापाशी जाऊन बसतात. परवा मी त्याला एकट्याला गाठून विचारलं, "अजून दिसतो का रे तो?"

"दिसतोय की," तो म्हणाला. "पण माझ्याकडं बघत न्हाय आता. मालकांच्या पाठीमागं उभा असतोय."

हे मी मालकांना सांगितलेलं नाही. माझा यावर विश्वास आहे की नाही, तेही मला ठरवता येत नाही. मात्र शंभर माणसांची मनं चाचपणाऱ्या या माणसाची चौकशी करणारं कुणीच नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून हल्ली दुपारी हातातला पाना खाली ठेवून मीही त्या पोत्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसतो.